सरड्याचे हृदय

देवळाली प्रवरा,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सीमाताईस,

कल्याणचा नमस्कार. प्रवीणदाजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. ओमला आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. गव्हाची पेरणी झाली. आईचा गुडघा थंडीने आखडतो, पण ती बसून राहत नाही. दादांनी गाय बदलली, नवी गाय लाथ मारते, म्हणून सध्या धार तेच काढतात.

फोन असताना पत्र कशाला, असे तुला वाटेल. तुझा फोन घरात सगळ्यांचा आहे आणि बोलताना तो स्पीकरवर असतो. शिवाय बोलताना मला घाई होते आणि मी समोरच्याला बरे वाटेल ते बोलून मोकळा होतो. लिहिताना तसे होत नाही, खोडता येते. हे मी दुसऱ्यांदा उतरवून काढतो आहे. गेल्या दहा दिवसांत तुझे चार फोन आले, ते मी उचलले नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

ओमच्या ऑपरेशनची तेरा तारीख हुकली, त्याबद्दल लिहायचे आहे. तुला ठाऊक असलेलेही सगळे पहिल्यापासून लिहितो, कारण हे पत्र तू घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवावेस अशी माझी इच्छा आहे. पण आधी आमच्या कॉलेजातल्या कपाटाचे सांगावे लागेल. त्याशिवाय बाकीचे कळणार नाही.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात भिंतीला लागून एक लांब कपाट आहे. त्यात एकशे बारा बरण्या आहेत. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले प्राणी. पाणी कमी झाले की भरणे, झाकणाला मेण लावणे, काच पुसणे ही माझी कामे. सप्टेंबरात रंगनाथ सर म्हणाले, तपासणी समिती येणार आहे, सगळ्या बरण्या नव्याने लावायच्या. आजवर त्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या, कारण फळ्या तशा होत्या. सर म्हणाले, "आता शरीराच्या घडणीप्रमाणे लाव. साध्यापासून गुंतागुंतीच्याकडे. आणि प्रत्येकाला नवीन कार्ड. अक्षर तुझं चांगलं आहे, तूच लिही."

त्यांनी मजकूर दिला, मी कार्डे लिहिली. पहिल्या फळीवर स्पंज. त्याला डावे-उजवे नाही, तोंड नाही, रक्त नाही, हृदय नाही. अंगाला भोके असतात, त्यातून समुद्राचे पाणी आत येते आणि वरून निघून जाते, तेवढ्यावर तो जगतो. मग तारामासा, पाच हातांचा, त्याच्या नळ्यांतून रक्ताऐवजी पाणीच फिरते. मग गांडूळ. त्याला डावी बाजू आहे, उजवी आहे, आणि लाल रक्त आहे. ते रक्त नळीतून बाहेर पडत नाही. झुरळाचे उलटे आहे. त्याचे रक्त पांढरे, आणि ते नळीत राहत नाही, पोटातल्या मोकळ्या जागेत सांडते आणि सगळे अवयव त्यात भिजत पडतात. पाठीवर लांब नळीसारखे हृदय, त्याला तेरा कप्पे. एका पोराने विचारले, सर, इतके कप्पे कशाला? सर म्हणाले, "म्हणून तर चप्पल बसली तरी पळतं." मी ते कार्डावर घेतले नाही.

शेवटच्या दोन फळ्या पाठीचा कणा असलेल्यांच्या. मासा, हृदयाचे दोन कप्पे. बेडूक, तीन. सरडा, तीन, पण खालच्या मोठ्या कप्प्यात एक अर्धवट पडदा असतो. पूर्ण भिंत नाही, मध्ये वाट आहे. कबुतर, चार. उंदीर, चार. माणसाची बरणी आमच्याकडे नाही, पण माणसाचेही चार.

ताई, तुला माहीत आहे, मी बारावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा भौतिकशास्त्रात राहिलो. पुढे शिकलो नाही. जे थोडेफार येते ते या कार्डांवरून. एका कार्डावर पाच ओळी बसतात. मला त्या सगळ्या पाठ आहेत आणि सहावी ओळ माहीत नाही. हे मला त्या वेळी कळत नव्हते.

आता जावळाचा दिवस. १२ ऑक्टोबर, रविवार. राहात्याला तुमच्या अंगणात मांडव होता. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचे म्हणून ओमला माझ्या मांडीवर दिले होते. सात महिन्यांचे मूल, पण हाताला हलके लागले. न्हावी पहिली बट कापत होता आणि ओमच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते. माझा शर्ट पुढून ओला झाला. मी म्हणालो, ऑक्टोबरचे ऊन आहे. मांडवात माझ्या शेजारी प्रवीणदाजींचा लहान पुतण्या होता, न्हावी होता, त्यांना कुणालाही घाम आलेला नव्हता. हे मी तेव्हा पाहिले होते. पाहिले आणि सोडून दिले.

मग शेजारच्या राहीबाई म्हणाल्या, "भागिरथे, लेकराच्या काळजाला भोक हाय म्हनत्यात ते खरं का गं?"

तू स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होतीस. तुझ्या सासूबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "नगरच्या डॉक्टरनी मशीन लावून बघितलं. चिरायचं म्हनत्यात. यवढुशा जिवाला."

तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारले नव्हते. मला वाटले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल असे काहीतरी माझ्याजवळ आहे. मी म्हणालो, "मावशी, हृदयाच्या पडद्यात वाट असणं म्हणजे जगावेगळं नाही. सरड्याला जन्मभर तसंच असतं. पडदा अर्धाच असतो. तरी सरडा कुंपणावर पळतोच की."

राहीबाई म्हणाल्या, "व्हय का? आन तुला रं कसं ठावं?"

तुझ्या सासूबाई, म्हणजे मावशीच, म्हणाल्या, "अगं, कालिजात हाय त्यो. बरन्यात समदी काळजं ठिवल्याती त्याच्याकडं."

बायका हसल्या. मावशींनी कानाशी बोटे मोडून माझी दृष्ट काढली. मला पेढा आधी दिला. ताई, मला फार बरे वाटले. माझ्या चोवीस वर्षांत मी बोललो आणि दहा माणसांनी खरे धरले असे तेव्हाच झाले. तू मात्र हसली नाहीस. परात ठेवून ओमला घेतलेस, त्याची मान पदराने पुसलीस आणि आत गेलीस.

त्यानंतर तुमच्या घरात काय काय बोलले गेले ते मला तुझ्या फोनवरून कळत होते. कुणी ऑपरेशनचे नाव काढले की मावशी म्हणायच्या, "कल्यान काय म्हनला? सरड्याला न्हाई हुत काय, तर मानसाला काय हुतंय? दम धरा, बुजंल." बुजेल हे मी म्हणालो नव्हतो. पण नाही बुजणार हेही म्हणालो नव्हतो. डॉक्टरांनी कागदावर भोकाचे माप लिहिले होते, नऊ मिलिमीटर, आणि लिहिले होते की हे आपोआप बुजण्याजोगे नाही. तो कागद तू मला ऑगस्टमध्येच फोनवर पाठवला होतास. मी वाचला होता.

आता जे तुला माहीत नाही ते लिहितो.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडले. सरड्याच्या कार्डावर पाणी सांडून शाई पसरली होती, म्हणून सोमवारी, १० नोव्हेंबरला, मी ते पुन्हा लिहायला घेतले. लिहिता लिहिता "अर्धवट पडदा" या शब्दांशी थांबलो. रंगनाथ सर शेजारीच वह्या तपासत होते. मी विचारले, "सर, सरड्याला अर्धवट पडद्यानं चालतं. मग माणसाला का चालू नये?"

सर म्हणाले, "का रे, परत परीक्षेला बसतोस काय?"

मी म्हणालो, "नाही. असंच."

सरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "सरडा सकाळी कुंपणावर काय करतो?"

"ऊन खातो."

"का खातो? कारण त्याचं अंग तो स्वतः तापवत नाही. ऊन मिळालं तर पळेल, नाही मिळालं तर पडून राहील. त्याला थोडक्यात भागतं. चार दिवस खाल्लं नाही तरी काही बिघडत नाही. आणि ती वाट त्याच्या कामाची आहे. श्वास धरून बसला की फुफ्फुसाकडे जाणारं रक्त तो तिथून दुसरीकडे फिरवतो. पडद्याची बाकीची घडण अशी आहे की चांगलं रक्त आणि वापरलेलं रक्त बरंचसं वेगळं राहतं. तुझ्या कार्डावर अर्धवट लिहिलंय, कारण आपण आपल्या हृदयाशी ताडून बघतो. त्याच्यापुरता तो पडदा पुरा आहे. त्याचं सगळं अंग त्या पडद्याला धरून बांधलेलं आहे."

मी विचारले, "आणि माणसाचं?"

"माणसाचं अंग पूर्ण भिंत धरून बांधलेलं आहे. रात्रंदिवस आत चूल पेटलेली. भिंतीला भोक पडलं तर डावीकडचं रक्त जोरात उजवीकडे घुसतं आणि फुफ्फुसात जास्तीचं जातं. फुफ्फुसं भिजून जड होतात, हृदय दुप्पट राबतं. लहान मूल असेल तर दूध ओढतानासुद्धा दमतं. घाम येतो. वजन वाढत नाही. एक भाग इथून उचलून तिथं ताडायचा नसतो, कल्याण. अख्खं शरीर बघायचं असतं." मग ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कुणाचं मूल आहे?"

मी म्हणालो, "कुणाचं नाही, सर."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी कार्ड पूर्ण केले, वाळवले, बरणीला चिकटवले. त्या दिवशी तुला फोन करायचा असे ठरवले. मग वाटले, तेरा तारखेला तुम्ही जाणारच आहात, आपण मध्ये पडायची गरज नाही. मंगळवारीही मी हेच मनाला सांगितले.

बुधवारी, १२ नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाच्या सुमारास तूच फोन केलास. तू म्हणालीस, "कल्याण, उद्या जायचंय. आई नको म्हणतात. ह्यांचंही मन आता तिकडंच झुकलंय. म्हणतात, कल्याणनं सांगितलंय तर कशाला लेकराला चिरायचं. मला एकटीला ठरवता येत नाही. तू सांग, जाऊ का नको?"

ताई, तेव्हा मला उत्तर माहीत होते. दोन दिवसांपासून माहीत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात पलीकडून मावशींचा आवाज आला, "काय रं कल्यान, तू तर म्हनला हुतास काय हुत न्हाई म्हनून. मानसं बसल्याती हितं, सांग की." बसलेल्यांत राहीबाईही होत्या, त्यांचा खोकला मी ओळखला. मला एकदम दिसले की आता "चुकलो" म्हणालो तर त्या विचारतील, मग जावळात काय तोंडाला येईल ते बोललास का? आणि मी म्हणालो, "थोडं थांबायला हरकत नाही. काही वेळा आपोआपही भरतं."

तू म्हणालीस, "बरं. तू म्हणतोस तर थांबते."

तुम्ही तेरा तारखेला गेला नाहीत ते तुझ्या सासूमुळे नाही, दाजींमुळे नाही. तू विचारलेस आणि मी माहीत असून खोटे सांगितले, म्हणून गेला नाहीत. त्यांना बोल लावू नकोस. पहिल्यांदा हे पत्र लिहिले तेव्हा मी "सगळ्यांच्या मताने थांबलात" असे लिहिले होते. ते पान फाडले.

सोमवारी १७ तारखेला मी रजा टाकून एसटीने नगरला ओमच्या दवाखान्यात गेलो. तू पाठवलेला कागद मोबाईलवर दाखवला. आधी बाहेरच्या सिस्टरने विचारले, "आई-बाप का नाही आले?" मी म्हणालो, गाडी मिळाली नाही. तेही खोटेच. तीन तासांनी डॉक्टरबाईंनी आत बोलावले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर हृदयाचे चित्र काढले आणि फुफ्फुसाकडे जाणारी नळी जाड पेनाने गिरवली. म्हणाल्या, जास्तीच्या रक्ताच्या माऱ्याने या बारीक नळ्या हळूहळू घट्ट होतात. एकदा त्या घट्ट झाल्या की मग भोक बुजवूनही उपयोग नाही, उलट बुजवताच येत नाही. म्हणून वर्षाच्या आत. मूल आता आठ महिन्यांचे, वेळ गेलेली नाही, पण आणखी घालवू नका. मी विचारले, ऑपरेशनला धोका आहे का? त्या म्हणाल्या, "आहे. नाही असं मी सांगणार नाही. पण न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे." त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. माझे त्यात काही नाही.

त्यांनी नवी तारीख दिली आहे. सोमवार, १ डिसेंबर, सकाळी नऊला भरती करायचे. ऑपरेशन दोन-तीन दिवसांनी. सगळे सरकारी योजनेत बसते. तोवर ओमला सर्दी, ताप, खोकला होऊ देऊ नये. झालाच तर आधी कळवावे, नंबर मागे लिहिला आहे. दूध एकदम न पाजता थोडे थोडे, दम घेऊ देऊन पाजावे. ओठ किंवा नखे निळी दिसली, छाती फार वेगाने वरखाली होऊ लागली किंवा त्याने दूध घ्यायचे सोडले तर तारखेची वाट बघू नये, त्याच वेळी निघावे. हे सगळे मी तिथेच बाकावर बसून लिहून घेतले आणि डॉक्टरबाईंना वाचून दाखवले.

सतरा तारखेपासून आजपर्यंत मी हे फोनवर का सांगितले नाही, हे तू विचारशील. तारीख नुसती सांगता आली असती. पण नुसती तारीख सांगितली असती तर घरात पुन्हा मावशी म्हणाल्या असत्या, कल्याण काय म्हणाला होता. तारखेबरोबर हेही सांगावे लागणार होते, आणि ते सांगायला मला सहा दिवस लागले. या सहा दिवसांचाही दोष माझाच आहे.

काल रंगनाथ सरांना सांगितले की मूल माझ्या बहिणीचे आहे. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." मग म्हणाले, "मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मीच फोन केला असता." आईला आज संध्याकाळी सांगणार आहे. ती अजून माझ्याच शब्दावर निवांत आहे. काल तिने ओमसाठी टोपडे विणायला घेतले आणि मला विचारले, लेकराचे डोके केवढे झाले असेल रे.

उद्या सकाळी हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो. बुधवारपर्यंत मिळावे. मिळाले की रात्रीच्या जेवणाला सगळे बसतील तेव्हा वाच. राहीबाईंनाही बोलाव. गाळून वाचू नकोस. फोनवरचे तर मुळीच गाळू नकोस. मावशींनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यात त्यांचे काही चुकले नाही. नातवाला कापू नये असे कुठल्या आजीला वाटणार नाही? त्यांना सोपे उत्तर हवे होते आणि ते मी दिले.

सोमवारी, १ डिसेंबरला, मी सकाळी सहाला गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. मित्राची गाडी आहे, तोच चालवणार. कागद मी फाईलला लावून घेतले आहेत. तुझे आणि दाजींचे आधार कार्ड तेवढे घे. दवाखान्यात मी थांबेन, रक्त लागले तर देईन, माझा गट तपासून ठेवला आहे. आल्यावर आधी ओट्यावर उभा राहून मावशींना तोंडाने सांगेन की मी खोटे बोललो. पत्रात लिहिले म्हणजे सांगून झाले असे मी धरत नाही.

त्यावर त्या मला काय बोलतील ते बोलू देत. तू मध्ये पडू नकोस. मला घरात घेतले नाही, पाणी विचारले नाही तरी मी बाहेर गाडीपाशी थांबेन. फक्त साडेसहाच्या आत ओमला शालीत नीट गुंडाळून माझ्याकडे नाही तर दाजींकडे द्या, पण द्या.

मामा म्हणवून घेण्याचा हक्क परत मागत नाही, तो तुम्ही ठरवा.

तुझा धाकटा भाऊ,
कल्याण